पूर्ण अंशातला रस्ता

नाना, परवा तुमच्या दारावर बसायला आले तेव्हा पुढच्या खोलीत तुमचा हार घातलेला फोटो होता आणि तो वाकडा लागला होता. फार नाही, जरासा उजवीकडं झुकलेला. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं. मी उठून सरळ करणार होते, मग म्हटलं राहू दे. लोकांच्या भिंती ओळंब्यात आणण्यात यांचा जन्म गेला, चार दिवस स्वतः वाकडे बसू देत. मी तशीच काकूंच्या शेजारी सतरंजीवर बसून राहिले.

येणारा जाणारा तेच बोलत होता. देवमाणूस गेला. बुऱ्हाणपुरात असा मोजणीवाला पुन्हा होणे नाही. नानांची रेघ म्हणजे रेघ. मी ऐकत होते आणि मान हलवत होते. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी तुमच्याबद्दल बोलत नाहीये, तुमच्याशी बोलतेय. तुम्ही होतात तेव्हाही मीच बोलत होते आणि तुम्ही उत्तर देत नव्हतात, त्यामुळं फारसा फरक पडलेला नाही.

बुधवाऱ्यात कापडाच्या दुकानावर तुमचं ऑफिस होतं. लोकांचे प्लॉट मोजायचे, त्यांचे नकाशे काढायचे, असं काम. डिप्लोमा करून मी तिथं लागले तेव्हा मला सगळं येतं असा माझा समज होता. पहिल्या दिवशी तुम्ही मला खुर्ची दिली नाहीत. हातात प्रिझमची काठी दिलीत आणि नेऊन केळीच्या बागेत उभं केलंत. तिकडं बांधावर तुम्ही टोटल स्टेशनच्या दुर्बिणीला डोळा लावून, इकडं मी काठी धरून, आणि मध्ये सगळी पानंच पानं. मशीनला काठी दिसेना. मी एक पान तोडायला हात घातला तर तुम्ही तिकडूनच आवाज दिलात, "तोडू नको. दुसऱ्याचं पीक आहे ते. बांधून घे." मग बागेच्या मालकानं केळीच्या सोपटाच्या दोऱ्या दिल्या आणि मी एकेक पान बाजूला बांधत गेले. मोजणी संपल्यावर घरी जायला निघाले तर म्हणालात, "गाठी कोण सोडणार? तुझा बाप?" एकेक गाठ सोडायला लावलीत. हातांना केळीचा चीक लागून काळे डाग पडले, ते त्या कुर्त्यावरून कधीच गेले नाहीत.

माझ्या बापाचं नाव निघालंच आहे तर तेही सांगते. माझे वडील शाळेत मास्तर. मुलगी उन्हातान्हात पुरुषांबरोबर शेतं तुडवत हिंडते हे त्यांना सहन होत नव्हतं. तुम्ही आमच्या घरी आलात, चहा प्यालात आणि म्हणालात, "सर, मोजणी पोरगा करो की पोरगी, जमीन तेवढीच निघते." माझे वडील हसले. हिशेबी माणसाला हिशेब पटला. ते वाक्य तुम्ही बोलला नसतात तर मी आज कुठल्यातरी घरात दुसऱ्याच्या नकाशातल्या स्वयंपाकघरात उभी असते. हे मी विसरलेले नाही. विसरता आलं असतं तर तुमच्यावर चिडणं सोपं गेलं असतं.

तुमची एक खोड होती आणि सगळ्या गावाला ती तुमची खासियत वाटायची. तुमच्या नकाशात रस्ता नेहमी कागदाच्या तळाशी, आडवा आणि सरळ. खरा रस्ता ईशान्येला जात असो नाहीतर आणखी कुठं, कागदावर तो खाली. कारण मिस्त्री रस्त्यावर उभा राहतो, हातात कागद धरतो आणि समोर बघतो. "त्यानं कागज पकडला की प्लॉट सामने दिसला पाहिजे," तुम्ही म्हणायचात, "उत्तर-दक्षिण घेऊन तो काय करेल?" मशीनमधून जमिनीचे खरे आकडे यायचे, लांबलचक, प्रत्येक खुंटीची पृथ्वीवरची जागा सांगणारे. तुम्ही तो आख्खा नकाशा रस्ता आडवा होईपर्यंत फिरवायचात आणि डाव्या हाताची पहिली खुंटी ओढून शून्यावर आणून ठेवायचात. मग सगळं त्या शून्यापासून. कोपऱ्यात उत्तरेचा बाण काढायचात, अंदाजानं, देवाला फूल वाहावं तसा. कॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरवर रेघा ओढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, हे वर्षानुवर्षं चाललं आणि कुणाचंही काही अडलं नाही. गावातली निम्मी घरं तुमच्या शून्यावर उभी आहेत आणि त्यांत लोक सुखानं राहतात.

मग ती वर्षं आली, जेव्हा इंदौरची ऑफिसं नुसता नकाशा घेईनाशी झाली. त्यांना इमारतीचं मॉडेल हवं होतं. कॅडमध्ये रेघ असते, मॉडेलमध्ये भिंत असते, तिला जाडी आणि उंची असते, आणि ती नेमकी कुठल्या जमिनीवर उभी आहे हेही तिला ठाऊक असावं लागतं. एकानं मोजणी करायची, दुसऱ्यानं खांब काढायचे, तिसऱ्यानं विजेच्या तारा, आणि सगळ्यांचं काम एकावर एक नेमकं बसलं पाहिजे. ते शिकायला मला इंदौरला तुम्हीच पाठवलंत. परत आले तेव्हा खुर्ची दिलीत, ती खिडकीजवळची, तुमची स्वतःची.

आणि मग आपली भांडणं सुरू झाली. तुमचा नकाशा मी मॉडेलमध्ये जोडला की पडदा कोरा. सगळं एकदम दाखव म्हटलं की या टोकाला एक ठिपका आणि त्या टोकाला एक ठिपका. एक आपली इमारत, दुसरा दुसऱ्या कुणी मोजलेला आपलाच प्लॉट, आणि मध्ये कोस न् कोस काही नाही. सॉफ्टवेअर तक्रार करायचं की चित्र मूळबिंदूपासून फार लांब आहे. एकदा तर मीटरच्या जागी मिलिमीटर धरले गेले आणि एका भल्यामोठ्या गोदामाची काडेपेटी झाली. तुम्ही चष्मा वर करून बघितलंत आणि म्हणालात, "चांगलं आहे. खिशात घालून घेऊन जाईल गिऱ्हाईक." एकदा मी तुम्हाला जगाचा नकाशा काढून दाखवला की शून्य-शून्य म्हटलेली जागा समुद्रात पडते, तुम्ही एका शाळेची इमारत समुद्रात बांधताय. तुम्ही म्हणालात, "मग पाण्याची सोय झाली." त्या दिवशी मी हसून हसून टेबलावर डोकं ठेवलं होतं. आता आठवलं की हसू येत नाही, पण हसले होते हे खरं.

मी तुम्हाला किती वेळा सांगितलं असेल, नाना, की नजर फिरवा, जमीन फिरवू नका. कॅडमध्येच सोय होती. पडदा फिरवायचा, रस्ता आडवा दिसतो, मिस्त्रीला हवा तसा कागद निघतो, आणि आतले आकडे जिथल्या तिथं राहतात. मॉडेलमध्ये तर दोन उत्तर दिशा ठेवता येतात, एक कागदाची आणि एक खरी. तुमच्या खोडीसाठीच जणू कुणीतरी बसून केलेलं. मी हे दाखवलं तर म्हणालात, "दोन-दोन उत्तर? लोकांना एक सांभाळता येत नाही." पण ऐकलंत. निदान मला तसं वाटलं. मूळ फाईल वेगळी ठेवायची, तिला हात लावायचा नाही, आणि तिची प्रत फिरवायची, असं आपलं ठरलं. तुम्ही मान डोलावलीत. तुमची मान डोलावण्याची पद्धत मला तेव्हा कळायला हवी होती. नकोशा पाहुण्यालाही तुम्ही तशीच मान डोलवायचात.

महाजनशेठचं काम आलं ते इच्छापुरच्या रस्त्यावरचं. केळी पिकवायची चेंबर, त्यांना लागून पॅकिंगचा लांबलचक हॉल, ट्रकांना वळायला जागा. आपल्या ऑफिससाठी तेवढं मोठं काम पहिलंच. प्लॉट तुम्ही मोजलात. रस्त्याचा आणि विजेच्या खांबांचा सर्वे इंदौरच्या लोकांनी केला. मी दोन्ही मॉडेलमध्ये आणले आणि यावेळी ठिपके लांब गेले नाहीत. दोन्ही एकाच जागी पडले. मी खूश झाले, तुम्हाला हाक मारणार होते. मग जवळ जाऊन बघितलं तर दोन्हीकडं असलेला तोच रस्ता, तुमचा आणि त्यांचा, एकमेकांवर बसत नव्हता. एका टोकाला मिळत होता आणि दुसऱ्या टोकाकडं हळूहळू फाकत होता, कात्री जरा उघडावी तसा.

मी विचारलं, "नाना, ही मूळ फाईल आहे ना?" तुम्ही म्हणालात, "मूळ आहे. हात लावलेला नाही." मी दुसऱ्यांदा विचारलं. मग तुम्ही चिडलात. "तो इंदौरवाला गाडीतून उतरत नाही, शीशा खाली करून सर्वे करतो. मी खुंटी-खुंटीवर उभा राहिलो आहे त्या जमिनीत. आणि तू मलेच विचारून राहिली?" तरीही मी म्हटलं, एकदा पुन्हा मोजून घेऊ, अर्ध्या दिवसाचं काम आहे. महाजनशेठ तिथंच बसले होते. तुम्ही त्यांच्याकडं बघत म्हणालात, "शेठ, आता माझी पण परीक्षा होऊन राहिली." शेठ हसले. मी परत पडद्याकडं वळले.

माणसावर भरोसा ठेवू नको, खुंटीवर ठेव, हे मला कुणी शिकवलं होतं? तुम्हीच. मी माणसावर ठेवला. पडद्यावर कात्री उघडी दिसत होती आणि मी ती बाजूला सारून तुमचा प्लॉट धरला, कारण तो तुमचा होता. हॉलच्या खांबांच्या ओळी तुमच्या हद्दीला समांतर मांडल्या आणि मॉडेल इंदौरला पाठवलं.

जागेवरची आखणी इंदौरच्या माणसांनी त्यांच्या बिंदूंवरून केली. खड्डे खणले गेले, पाया भरला गेला. त्या दोन रस्त्यांमधला कोन लहान होता, जवळून कुणाला काही दिसण्यासारखं नव्हतं. पण हॉल लांब होता आणि लांबीनं गेलं की लहान कोनही कुठल्या कुठं नेतो. मागच्या कुंपणाचं काम निघालं तेव्हा कळलं की हॉलचा मागचा कोपरा शेजाऱ्याच्या केळीत गेला आहे. शेजारी तिथं हात बांधून उभा, महाजनशेठ उभे, मिस्त्री उभे, मी आणि तुम्ही. शेठ म्हणाले, "नाना, ये क्या हो गया?"

तुम्ही माझ्याकडं बघितलंही नाहीत. म्हणालात, "मी कागद बराबर दिला होता शेठ. कॉम्प्युटरमध्ये फिरलं. पोरीच्या हातून."

पोरीच्या हातून. ते दोन शब्द, नाना. तोवर मी तुमच्याकडं कितीतरी वर्षं होते आणि तुम्ही गिऱ्हाइकांना माझी ओळख "आमच्या उज्वला मॅडम" अशी करून द्यायचात. त्या खड्ड्याच्या काठावर मी एका क्षणात पोरगी झाले. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि सगळ्यांनी माझ्याकडं असं बघितलं की आता ही म्हाताऱ्या माणसावर ढकलणार. मी तोंड मिटलं. तो पाया फोडला गेला. आवाज दूरवर जात होता आणि मी रस्त्यावर उभी राहून तो ऐकला. तुम्ही ऑटो करून निघून गेला होतात.

गावाला गोष्ट सांगायला किती वेळ लागतो? बुधवाऱ्यातून निघालेली गोष्ट तापीपर्यंत पोचायच्या आत तिला शेपूट फुटलेलं असतं. गोदाम फिरवणारी बाई. मी स्टेशनरीच्या दुकानात गेले तरी दुकानदार विचारायचा, "मॅडम, वो बिल्डिंग घूम गई थी, तुम्हीच ना?"  माझ्या वडिलांनी तर शाळेतल्या लोकांना माझ्या कामाबद्दल सांगणं बंद केलं. तेवढं पुरलं मला.

मग मी खरं शोधायला बसले. मशीनमधला कच्चा डेटा तुम्ही पुढच्या कामासाठी पुसून टाकला होता, तुमची तीही सवय होती. माझ्याकडं फक्त दोन फाईली होत्या. एक तुमची रस्ता आडवा केलेली आणि दुसरी तुम्ही मला मूळ म्हणून दिलेली. मी दोन्हींमधला कोन काढला. नाना, तो पूर्ण अंशात आला. दशांश चिन्हापुढं शून्य, शून्य, शून्य. देवानं या पृथ्वीवर एकही रस्ता पूर्ण अंशात घातलेला नाही. कुणीतरी कीबोर्डवर तो आकडा टाईप केल्याशिवाय तसं होत नाही. म्हणजे तुम्ही खोडीप्रमाणं मूळ फाईलच फिरवलीत, शून्यावर आणलीत, तीच जतन केलीत, आणि मी मागितल्यावर तुमच्याच त्या अंदाजानं काढलेल्या बाणाकडं बघून ती उलटी फिरवलीत. मग उपग्रहाच्या चित्रावर सरकवून बसवलीत, म्हणजे आकडे लांबलचक आणि खरे दिसावेत. आणि मला म्हणालात, हात लावलेला नाही.

खोड अडचणीची नव्हती. खोडीला औषध होतं, मी ते तुम्हाला पडद्यावर दाखवलं होतं. मूळ गेलं एवढंच म्हणाला असतात तर आपण दोघं स्कूटरवर बसून गेलो असतो आणि दुपारच्या आत पुन्हा मोजून आलो असतो.

मी तो आकडा तुमच्यासमोर ठेवला. तुम्ही तो वाचलात. मग चष्मा काढून सदऱ्याला पुसलात आणि म्हणालात, "असतो कधी कधी योगायोग, बेटा."

मी ऑफिस सोडलं. इथंच लालबागेत घरीच एका खोलीत टेबल टाकलं. कामं मिळायला वेळ लागला, कारण माझ्या नावाच्या पुढं ते गोदाम चालत असायचं. आणि त्याच काळात तुमचा फोन यायला लागला. रविवारी सकाळी. "उज्वला, फाईल उघडून नाही राहिली. ये जरा." एवढंच. जणू मी सुट्टीवर गेले होते.

मी का येत होते, हे मी स्वतःला बऱ्याचदा विचारलं. तुमच्याकडून एक वाक्य ऐकायला येत होते, एवढंच उत्तर मिळायचं. ते महाजनशेठसमोर बोलला नसतात तरी चाललं असतं. काकूंसमोर, चहाच्या कपासमोर, भिंतीकडं बघून. माझ्याकडून झालं. "पोरीच्या हातून" या दोन शब्दांनी माझं नाव घालवलंत, दोन शब्दांनी ते परत आणता आलं असतं. मी यायची, तुमची फाईल उघडून द्यायची, तिच्यात साठलेला कचरा काढून टाकायची, आणि मग म्हणायची, "नाना, तो रस्ता." तुम्ही म्हणायचात, "कोणता रस्ता?" मी म्हणायची, "पूर्ण अंशातला." तुम्ही म्हणायचात, "तू अजून तिथंच?" काकू वाटीत गोड दराबा आणून ठेवायच्या. आपण भांडायचो. तुम्ही कधी म्हणायचात की सॉफ्टवेअर आकडे गोल करतं, कधी म्हणायचात की इंदौरवाल्यांचे बिंदूच हललेले होते, कधी म्हणायचात की जमीनच सरकते, शास्त्रज्ञ सांगतात. त्यावर मी तुम्हाला काय काय बोलले ते काकूंनी ऐकलं आहे. तुम्ही हसायचात. त्या हसण्याचा मला इतका राग यायचा की घरी जाऊन मी भांडी आपटायची.

आणि तरीही, मी स्वतःची मशीन घेतली तेव्हा तिची परीक्षा घ्यायला तुम्हीच आलात. गुडघे दुखत असताना खाली बसून तिपाईचा प्रत्येक पाय स्वतः रोवलात, बुडबुडा मधोमध येईपर्यंत उठला नाहीत. आमच्या गल्लीतल्या लोकांना म्हणालात, "हिच्याकडं काम द्या. माझ्यापेक्षा बारीक बघते." हे तुम्ही म्हणू शकत होतात. ते मात्र नाही. मला तेव्हा वाटलं, आज बोलतील. तुम्ही धूळ झटकलीत, पाणी मागितलंत आणि निघालात.

शेवटच्या रविवारी आपण नेहमीचंच भांडलो. तुम्हाला दम लागत होता, मी म्हटलं डॉक्टरकडं जाऊन या. तुम्ही म्हणालात, "आधी हे प्रिंट काढून दे." काढून दिलं. रस्ता खाली, आडवा. त्यानंतर फोन आला तो तुमच्या मुलाचा, मंदारचा. तो पुण्याहून निघाला होता आणि मला म्हणत होता, ताई, तुम्ही जवळ आहात, आईजवळ जाऊन बसा. मी गेले. तुम्हाला तापीवर नेलं तेव्हा मी काकूंजवळ होते. मी रडले नाही. मला वाटलं मी रागावलेली आहे म्हणून रडू येत नाही. रागच होता. माणूस माझं देणं ठेवून निघून गेला होता आणि दार लावून घेतलं होतं.

परवा महाजनशेठ दारावर आले. काकूंना नमस्कार केला, बसले, दोन शब्द तुमच्याबद्दल चांगले बोलले. मग माझ्याकडं वळून, अगदी मायेनं म्हणाले, "ताई, नानांच्या जिंदगीत एकच काम बिघडलं, ते पण मशीनमुळं. आता ते नाही राहिले सांभाळून घ्यायला. जरा ध्यान ठेवत जा." लोकांनी माना हलवल्या. मी काकूंकडं बघितलं. काकू सतरंजीचा धागा ओढत होत्या.

लोक गेल्यावर काकूंनी मला आत बोलावलं. मला वाटलं चहा करायचा असेल. त्यांनी दार लोटलं आणि म्हणाल्या, "मले ठाऊक होतं, बाई. तो पाया फुटला त्याच दिवशी घरी येऊन बोलले होते. म्हणे, माझ्याच हातून झालं, मीच फिरवली फाईल, पोरीचा काही दोष नाही. जेवले नाहीत त्या दिवशी."

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं.

काकू म्हणाल्या, "मी बोलले त्यांना. तू ऑफिस सोडून गेली तेव्हा तर पाठीच लागले. सांगून टाका, म्हटलं, लेकरू आहे ते. तर म्हणे, ती येते ती भांडायला येते. आज सांगितलं तर भांडण मिटलं, मग कायले येईल? मंदार तर तिकडचाच झाला. म्हणे, राहू दे, जोवर भांडते तोवर येते."

आणि तुम्ही? मी काकूंना विचारलं. तुम्ही तरी सांगायचं होतं मला. इतकी वर्षं दराबा आणून ठेवत होतात समोर.

काकूंनी डोळ्याला पदर लावला. "मले पण तू यावं असंच वाटे."

मी दाराकडं वळले. मग त्या म्हणाल्या, "आता कुणाला बोलू नको हं. गेलेल्या माणसाचं नाव आहे."

नाना, मी काकूंना हो म्हणाले नाही. त्या म्हाताऱ्या आहेत, त्यांचं कुंकू नुकतंच गेलं आहे, त्यांना दुखवायचं नव्हतं म्हणून नाहीही म्हणाले नाही. पण मी महाजनशेठकडं जाणार आहे. दोन फाईली आणि तो आकडा घेऊन. लोक म्हणतील, माणूस जाताच हिनं तोंड उघडलं. म्हणू देत. गेलेल्या माणसाचं नाव असतं तसं राहिलेल्या बाईचंही असतं, आणि मला अजून त्यावर पोट भरायचं आहे.

तुमच्यावर मी कधी इतकी चिडले नव्हते. तुम्ही खोटं बोललात, त्याची मला सवय झाली होती. पण माझं नाव तुम्ही घरात दाबून ठेवलंत, म्हणजे मी ते मागायला दर रविवारी येईन. दोघांनी मिळून. आणि मी मूर्ख, पावसात, उन्हात, ताप असताना, येत राहिले. आणि याहून वाईट म्हणजे आता बसून आठवते तर त्या रविवारांतला एकही मला नको होता असं वाटत नाही. त्यासाठीही तुम्हाला माफ करत नाही.

तुम्ही खरं बोलला असतात तर मी पुढच्या रविवारी आले असते का? परवापासून हाच विचार करतेय. कधी वाटतं, नक्की आले असते. कधी वाटतं, नाही, मोकळी झाले असते, आपल्या कामाला लागले असते, दिवाळीला फोन केला असता. मला खरंच माहीत नाही. पण ते माझं मी ठरवायचं होतं, नाना. तेवढं तरी मला ठरवू द्यायचं होतंत.